अण्णांचा गरम पुडा

बाजारातून कॉफी आणणं हे जाता जाता उरकायचं काम आहे, असं मला बंगळूरला येईपर्यंत वाटत होतं. वाटत होतं म्हणजे काय, त्याचा विचारच कधी केला नव्हता. आम्ही पुण्याचे, चहाचे भक्त. कॉफी ही आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत, नाहीतर पाहुणा "चहा सोडलाय" म्हणाला तर करायची गोष्ट. नव्वदीच्या सुरुवातीला श्रीकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बंगळूरला बदली झाली. बसवनगुडीत व्यंकोबारावांच्या घराचा वरचा मजला आम्हाला भाड्याने मिळाला. अजून खोकी फोडायची होती, तोच ते जिना चढून वर आले आणि म्हणाले, "चल ग नीलम्मा, कॉफी कशी घ्यायची ते दाखवतो."

माझं नाव नीला. त्याला हे कानडी शेपूट त्यांनी पहिल्या भेटीतच लावलं आणि शेवटपर्यंत काढलं नाही. त्यांना सगळा रस्ता अण्णा म्हणायचा, त्यांच्या बायकोला अक्का. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी आपल्याकडून इकडे आलेलं. त्यामुळे मराठी आमचीच, पण त्यात "सरी" आणि "स्वल्प" असे खडे यायचे. "स्वल्प" म्हणजे थोडंसं आणि "सरी" म्हणजे ठीक, हे मला लवकर कळलं. "गोत्तिल्ला" मात्र अण्णांकडूनच पाठ झालं. "गोत्तिल्ला" म्हणजे ठाऊक नाही. दिवसातून इतक्या वेळा "ठाऊक नाही" म्हणणारा आणि तरीही इतक्या गोष्टींत लक्ष घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कोपऱ्यावर शेट्टींचं कॉफीचं दुकान होतं. दुकानाच्या आधी दोन घरं वास यायचा. आत काचेच्या बरण्यांत भाजलेल्या बिया, एका बाजूला दळायचं मशीन, आणि काउंटरमागे शेट्टी. अण्णांना बघताच शेट्टींनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो ते का पुसतात हे मला पुढे समजलं; अण्णा आले की अर्धा तास जायचा आणि तेवढा वेळ हाताला काहीतरी चाळा हवा.

"कधी भाजली?" अण्णांनी विचारलं. दोघांचं बोलणं कानडीत चालायचं, तेव्हा मला त्यातलं निम्मंच कळायचं. पण पुढे तेच बोलणं मी इतक्यांदा ऐकलं की आज ते मराठीत सांगू शकते.

"आज सकाळी."

"सकाळी म्हणजे? देवपूजेच्या आधी की नंतर?"

"अण्णा, भाजली आज. अजून काय सांगू?"

मग अण्णांनी एक बी उचलली, दातांनी फोडली, आवाज ऐकला, बोटांत चुरली, हुंगली आणि डोळे मिटले. आता निकाल लागणार म्हणून मी सावरून उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले आणि शेजारच्या बरणीकडे बोट केलं. "आणि ही?"

ती परवाची होती आणि स्वस्त होती. इथून खरा घोळ सुरू झाला. अण्णांचं म्हणणं असं, की ताजी कॉफी चार दिवस ताजी राहते. पाचव्या दिवशी ती आणि परवाची सारखीच. मग पाचव्या दिवसापासून आपण ताजेपणाचे पैसे उगाच दिलेले असतात. म्हणून ताजी घ्यायची तर थोडी घ्यावी. पण थोडी घेतली तर भावात सूट मिळत नाही. सूट हवी तर जास्त घ्यावी लागते, आणि जास्त घेतली की ती शिळी होते. शिळीच प्यायची तर मग मुळात शिळीच का घेऊ नये?

"मग काय घ्यायचं?" मी विचारलं.

"गोत्तिल्ला," अण्णा म्हणाले, आणि बाजूला सरून त्यांनी मागच्या गिऱ्हाइकांना पुढे जाऊ दिलं. मग पुन्हा आले, पुन्हा एक बी फोडली, आणि अखेर शेट्टींना म्हणाले, "निम्मी ही, निम्मी ती. एकत्र दळा."

"म्हणजे ना ताजी, ना स्वस्त," मी न राहवून बोलले. पुण्याची जीभ, गप्प कशी बसणार!

"तेच तर, नीलम्मा," अण्णा खूश होऊन म्हणाले. "कुठल्याच बाजूने पुरतं फसायला नको."

मशीनमधून पूड पडली. शेट्टींनी पुडा बांधला. अण्णांनी तो गालाला लावला, मग माझ्या हातात दिला. चांगला गरम होता. "हा बघ ताजेपणा," ते म्हणाले. "हात सांगतो. बाकी सगळं शेट्टी सांगतो." आणि पुडा सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून, ऊब जाऊ नये म्हणून ते जवळजवळ धावतच घरी निघाले.

अण्णा जन्मभर के. आर. पुरमकडच्या एका कारखान्यात, आलेला माल तपासून घेण्याच्या कामावर होते. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नव्हती. वर्तमानपत्र ते गठ्ठ्याच्या मधून ओढून घेत. वरचं लोकांनी चाळलेलं असतं आणि खालचं जमिनीला टेकलेलं असतं. मोगऱ्याच्या गजरेवालीला ते कळ्या कधी तोडल्या विचारत, आणि ती "तुमच्या लग्नात" असं उत्तर देई. एकदा डॉक्टरांनी त्यांना तपासायला घेतलं तर यांनी उलट डॉक्टरांच्या टेबलावरच्या गोळ्यांची पाकिटं तपासायला घेतली. इतकं करून घरी येणारा माल उत्तम असायचा म्हणावं, तर तसंही नाही. वांगी किडकी निघायची, नारळ कुजका निघायचा. अक्का तो फोडून बघायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

श्रीकांत इंजिनीयर. त्याला कुठलीही गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका रविवारी अण्णांनी गरम पुडा त्याच्याही गालाला लावला, तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, ही ऊब भाजण्याची नाही. मशीनची आहे. दळताना आतले दात एकमेकांवर घासतात, पूड तापते. महिन्याची जुनी बी दळली तरी पुडा असाच गरम लागेल."

अण्णा पायरीवर बसले. त्यांनी पुडा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे इतकी वर्षं," ते म्हणाले, "मी मशीनला ताप आलाय का तेवढंच बघत होतो?"

मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा बघून वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी ते शेट्टींना विचारून आले. शेट्टींनी सांगितलं, इंजिनीयर म्हणतो ते बरोबर. तिसऱ्या दिवशी अण्णा कॉफी घेऊन आले, तेव्हा पुडा पुन्हा सदऱ्याच्या आत पोटाशीच होता. मी नुसतं बघितलं. "ठाऊक आहे ग," ते म्हणाले. "पण गार पुडा घेऊन चालवत नाही."

मग त्या ब्राझीलचं झालं. तिकडे थंडी पडली, कॉफीची झाडं करपली आणि बसवनगुडीत भाव चढला, असं शेट्टी सांगू लागले. अण्णांना ते पटेना. कूर्गची कॉफी कूर्गात आहे, तिला ब्राझीलची थंडी कशी बाधते? श्रीकांतने बाजारभाव, निर्यात वगैरे समजावलं. अण्णा "सरी, सरी" म्हणत राहिले आणि शेवटी मला हळूच म्हणाले, "तुला समजलं का ग?" मी म्हटलं, नाही. त्यांना फार बरं वाटलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोच अक्का आजारी पडल्या.

सुरुवातीला नुसता थकवा होता. मग जेवण तुटलं. भात नको, सार नको, फळ नको. ताट समोर आलं की त्या मान फिरवायच्या. पोटात एक गाठ आहे, आणि या वयात चिरफाड झेपायची नाही, असं डॉक्टरांनी अण्णांना बाहेर बोलावून सांगितलं. जे मागतील ते द्या, दुधातून काही गेलं तर उत्तम. अक्कांनी एकच गोष्ट मागितली. "कॉफी द्या," त्या म्हणाल्या. "पूर्वीसारखी."

कॉफी हे अण्णांचं खातं. निवृत्त झाल्यापासून त्यांनी अक्कांना फिल्टरला हातसुद्धा लावू दिला नव्हता. "जन्मभर तू केलीस, आता मी," असं म्हणून रोज सकाळी ते तो दोनमजली स्टीलचा फिल्टर भरायचे. वरच्या भांड्यात पूड, त्यावर उकळतं पाणी, खालच्यात थेंब थेंब काळाभोर अर्क. त्याला तिकडे डिकॉक्शन म्हणतात. दोन पेले भरायचे, एक तिला, एक स्वतःला. अक्का मुकाट्याने प्यायच्या. कधी चांगली म्हणाल्या नाहीत, कधी वाईट म्हणाल्या नाहीत.

आता त्या दोन घोट घ्यायच्या आणि पेला खाली ठेवायच्या. "ती नव्हे."

अण्णांनी परवाची बरणी सोडली आणि शेट्टींकडची सगळ्यांत ताजी, सगळ्यांत महाग घेतली. ती नव्हे. पुडीत मिसळतात ती चिकोरी कमी केली, वाढवली. ती नव्हे. दूध बदललं. नळाचं पाणी सोडून विहिरीचं आणलं. कुणी म्हणालं मल्लेश्वरमला चांगली मिळते, तिथे गेले. कुणी सांगितलं कोरमंगलाला नवीन दुकान निघालंय, तिथे डोळ्यांदेखत भाजून देतात, तर दोन बस बदलून तिथे गेले. आता भावाकडे ते बघत नव्हते, आणि ज्याने जन्मभर भावाची घासाघीस सोडली नव्हती त्याने भाव न विचारता पैसे काढावेत, हे बघून मला भीतीच वाटली. घरात पुड्यांची रांग लागली. प्रत्येक पुड्यातली कॉफी आधीच्यापेक्षा चांगली होती. मी चहावाली, पण मलाही ते कळत होतं. आणि पेला रोज भरलेलाच परत येत होता.

"कुठे चुकतंय, नीलम्मा?" ते मला विचारायचे. "पूर्वीसारखी म्हणजे पूर्वी मी हीच प्यायचो ना? हीच चव होती. मग तिला का लागत नाही? तिची जीभ गेली का?"

जीभ गेली असेल, असंच मलाही वाटत होतं.

ते कोरमंगलाला दुसऱ्यांदा गेले त्या दुपारची गोष्ट. मी अक्कांजवळ बसले होते. त्यांनी विचारलं, "स्वल्प कॉफी देतेस का ग? काहीही चालेल." खाली अण्णांच्या फिल्टरला हात लावायची माझी छाती नव्हती. मी वर आमच्या स्वयंपाकघरात गेले. श्रीकांत एव्हाना सकाळी कॉफी घ्यायला लागला होता. आमच्याकडे शेट्टींची साधी स्वस्त पूड असायची, महिनाभर पुरणारी. सकाळचा फिल्टर तसाच ओट्यावर होता, वरच्या भांड्यात पूड होती. मला वाटलं, पूड आहेच, त्यावर पाणी ओतलं की झालं. ओतलं. पिवळट, पातळ काहीतरी उतरलं. दूध-साखर घातली, रंग काही धड येईना. लाजत लाजतच पेला खाली नेला.

अक्कांनी एक घोट घेतला. थांबल्या. मग दोन्ही हातांनी पेला धरला आणि एका दमात संपवला.

"हीच," त्या म्हणाल्या. "कुठून आणलीस?"

मी काय केलं ते सांगितलं. अक्का हसल्या, किती दिवसांनी तरी पदर तोंडाला लावून हसल्या. आणि त्याच वेळी अण्णा दारात उभे होते, घामाघूम, सदऱ्याच्या आत पुडा.

"संपवली?" त्यांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. तळाला राहिलेले थेंब बोटावर घेऊन चाखले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका गोंधळ मी ब्राझीलच्या वेळीही पाहिला नव्हता. "ही? अग, हे पाणी आहे!"

"दुसरं डिकॉक्शन आहे ते," अक्का म्हणाल्या.

"पण पूर्वीसारखी म्हणालीस ना?"

"हीच माझी पूर्वीची. चिकपेटेच्या एकत्र घरात पहिलं डिकॉक्शन तुम्हा पुरुषांना आणि पाहुण्यांना. मग त्याच पुडीवर परत पाणी. ते आम्हा जावांचं. मामंजी महिन्याची पूड एकदम आणायचे, स्वस्त पडते म्हणून. महिनाअखेरीला तिला वाससुद्धा नसायचा." अक्कांना दम लागला. त्या थोड्या थांबल्या. "तुम्ही सगळे कामाला गेलात की आम्ही तिघी मागच्या पायरीवर बसून प्यायचो. वेगळं घर केलं तरी मी तीच पीत होते. तुम्ही रिटायर होईपर्यंत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने करून द्यायला लागलात. काय सांगायचं?"

"पण त्यात चांगलं काय होतं?" अण्णांचा आवाज चढला. रागाने नव्हे, त्यांना खरंच कळत नव्हतं. "शिळी पूड, वापरलेली पूड, पाणचट. मी एक घोट घेतला नसता!"

अक्कांनी जरा विचार केला. "तेवढा वेळ आम्हाला कुणी हाक मारायचं नाही," त्या म्हणाल्या.

अण्णांनी रिकामा पेला हळूच खाली ठेवला. पुडा अजून पोटाशीच होता.

पण माणसाचा स्वभाव! दुसऱ्या दिवसापासून त्यांची तपासणी सुरू झाली. या कॉफीतली खुबी नेमकी कशात आहे: जुनी असण्यात, स्वस्त असण्यात, की दुसरं डिकॉक्शन असण्यात? आधी त्यांनी कोरमंगलाच्या महागड्या पुडीचं दुसरं डिकॉक्शन काढलं. त्यांना वाटलं, दुसरंच द्यायचं तर निदान उत्तमाचं दुसरं द्यावं. पहिलं जे उतरलं ते आमच्याकडे वर आलं. त्या काही दिवसांत बंगळुरातली सगळ्यांत उंची कॉफी आम्ही फुकट प्यालो. अक्का खाली म्हणाल्या, "जवळ आली. पण ती नव्हे."

तेव्हा अण्णा शेट्टींकडे गेले. मी बरोबर होते.

"जुनी कॉफी आहे का?" त्यांनी विचारलं.

शेट्टींनी चष्मा काढला. "जुनी? माझ्याकडे?"

"एक महिन्याची असली तरी चालेल. दोन महिन्यांची असली तर फार बरं."

"अण्णा, आजवर रोज येऊन तुम्ही मला 'शिळी विकता' म्हणालात. मी ऐकून घेतलं. पण आता दुकानात गिऱ्हाइकं आहेत."

"मी तक्रार करत नाही हो. मला हवी आहे."

"माझ्या दुकानात जुनी कॉफी नसते," शेट्टी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले. "आजची आहे. परवाची आहे. शिळी पाहिजे तर घरी नेऊन करा!"

अण्णांनी पहिल्यांदाच शेट्टींचा सल्ला ऐकला. स्वस्तातली पूड घेतली, घरी आणली, आणि ज्या डब्याचं झाकण अर्धवट राहिलं म्हणून त्यांनी आयुष्यभर घर डोक्यावर घेतलं असेल, तो डबा झाकण काढून खिडकीत ठेवला. उन्हात, वाऱ्यात. येता-जाता ते त्यात नाक घालून बघायचे. "गेला का वास?" मला विचारायचे. मी हुंगून म्हणायचे, "अजून आहे थोडा." "अय्यो," ते म्हणायचे आणि डबा हलवून पुन्हा उन्हात सरकवायचे.

अक्कांना ती कॉफी लागली. सकाळी एक पेला, दुपारी एक. जेवण परत आलं नाही, येणारही नव्हतं, पण दूध पोटात जायला लागलं आणि चेहऱ्यावर थोडी तकतकी आली. दुपारचा पेला त्या मागच्या पायरीवर बसून घ्यायच्या. अण्णा त्यांना धरून तिथे नेऊन बसवायचे आणि स्वतः घरात निघून यायचे. दारावर कुणी आलं, फोन आला, तरी हाक मारायचे नाहीत. तोंडावर बोट ठेवून आलेल्याला गप्प करायचे. एकदा त्यांची स्वतःची बहीण भेटायला आली, तर तिलाही अर्धा तास पुढच्या खोलीत बसवून ठेवलं. ती चिडली. अण्णा म्हणाले, "ती कॉफी पितेय." जणू साहेबांची मीटिंग चालू होती.

पावसाळा सरता सरता अक्का गेल्या.

पुढच्या वर्षी श्रीकांतची पुण्याला परत बदली झाली. त्या मधल्या महिन्यांत अण्णा फारसे बोलत नसत. शेट्टींकडे जायचे, पण बी फोडायची नाही की वेळ विचारायची नाही. साधी पूड घ्यायची, पुडा गार होईपर्यंत काउंटरवरच राहू द्यायचा, मग पिशवीत टाकायचा. शेट्टींनाच ते सहन होईना. एक दिवस ते आपणहून म्हणाले, "अण्णा, आज पूजेच्या आधी भाजली." अण्णा म्हणाले, "सरी."

एकदा मी त्यांना विचारलं, दुसरं डिकॉक्शन का पिता? आता तर तुम्ही एकटेच आहात.

"बघतोय," ते म्हणाले. "तिला त्यात काय मिळायचं ते. रोज पितो, रोज बघतो. गोत्तिल्ला, नीलम्मा. अजून काही कळलं नाही."

निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक सकाळीच गेला. दुपारी रिक्षा दाराशी उभी राहिली, श्रीकांत घाई करत होता. मी किल्ल्या द्यायला आणि पाया पडायला खाली आले. पुढची खोली रिकामी. स्वयंपाकघरात खिडकीत तो डबा होता, झाकण नसलेला. मागचं दार उघडं होतं. अण्णा पायरीवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांत पेला धरून. समोर नारळाचं झाड आणि कुंपणाची भिंत, दुसरं काही नाही. ते हळूहळू पीत होते.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी हाक मारायला तोंड उघडलं, अगदी "अण्णा"तला "अ" ओठांवर आला.

मग मी किल्ल्या डब्याशेजारी ठेवल्या, आवाज होणार नाही अशा, आणि पुढच्या दाराने निघाले.